सात किनाऱ्यांपलीकडचे शंख

माणसं किनाऱ्यावर यायच्याही आधीची गोष्ट. टिटवी शेजारणीला सांगत होती, "सात किनारे ओलांडले की लिंबाएवढे रिकामे शंख, पण ते..." तेवढ्यात लाट आली नि दोघी उडाल्या. शंखात राहणाऱ्या चिंगी खेकडीनं एवढंच ऐकलं. वाढत्या अंगाला तिचा शंख पुरेना, जीव नुसता घुसमटायचा.

ती निघालेली बघून शेजारची खेकडी म्हणाली, "अगो, आम्ही नाही का अंग चोरून राहिलो?"

"राहा की, मावशी! मी नाही राहायची."

खडक चढत, तापली वाळू तुडवत तिनं सातवा किनारा पार केला. शंख होते, लिंबाएवढेच; पण एकूणएक भोकं पडलेले.

"येऊ दे वारा," म्हणत चिंगी एकात शिरली आणि जन्मात पहिल्यांदा पाय पसरून ऐसपैस बसली.