तळ्यापलीकडची शीळ

"पण उत्तर देतं कोण, बाबा?"

हेमांगीने तिसऱ्यांदा विचारलं. दर्ग्याच्या ओट्यावर बसलेले कासमबाबा गोधडीला ठिगळ लावत होते. समोर भर दुपारचं तळं.

"पाखरू असेल."

"मी कॉलेजात पाखरांवरच शिकवते. हे पाखरू नाही."

बाबांनी दोरा दाताने तोडला.

हेमांगीने मांडीवरचा पत्र्याचा डबा उघडला. आत पिसांची वही. हरियल, नीलपंख, धनेश... प्रत्येक पिसाखाली वडिलांच्या हिरव्या शाईतली तारीख. ती सात वर्षांची असल्यापासून बापलेक दर रविवारी या तळ्यावर पाखरं बघायला यायचे. झाडीत चुकामूक झाली की वडील शीळ घालायचे. दोन आखूड, एक लांब. पुढचा दात पडका, म्हणून लांब सूर शेवटी फाटायचा. हेमांगी त्यांनीच कोरलेली बांबूची शिट्टी वाजवायची आणि जागची हलायची नाही. आवाजाच्या रोखाने तेच यायचे.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"दोन महिन्यांपूर्वी सहज शिट्टी वाजवली. पलीकडच्या काठावरून शीळ आली. आता दर रविवारी येते... दर वेळी थोडी जवळून."

"भीती वाटते?"

"छे!" ती घाईने म्हणाली. "मला त्यांना बघायचंय. एवढंच सांगा, अजून किती वाजवू?"

"आत्ता वाजव."

तिने वाजवली.

लव्हाळ्यामागून उत्तर आलं. दोन आखूड, एक लांब. शेवटी फाटलेलं.

"ऐकलंत?"

बाबांनी तिच्या हातातली शिट्टी काढून घेतली आणि शिट्टीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला.

"आता गप्प बस."

पाण्यावरची बदकं थिजल्यासारखी झाली. पानसुद्धा हलेना.

...

मग शीळ आली. न बोलावता, पहिल्यांदाच.

पुन्हा आली. या खेपेला घाईघाईने. ओट्याच्या डावीकडून, मग मागून. मग अगदी तिच्या कानाजवळून गेली, आणि पुढे निघून गेली. परत फिरली. कुणीतरी गोल गोल धावत होतं.

ही घाबरलेली शीळ हेमांगीने याआधी एकदाच ऐकली होती. नवव्या वर्षी पहिली शिट्टी पाण्यात पडली आणि तिला उत्तर देता आलं नव्हतं, तेव्हा.

"बाबा, ते मला शोधतायत!" तिचा आवाज चिरकला. "मी इथंच बसलेय की! मी कशी दिसत नाही त्यांना?"

कासमबाबांनी शिट्टी तिच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं एकेक करून मिटवली.

"बेटी, तुम्हा दोघांत गेलं कोण, हे त्याला कुणी सांगितलंय का?"