कुजक्या वाखाची आळी

फार पूर्वी एका गावात दोर वळणाऱ्यांची एक आळी होती. घरं चाळीस, पण रीत एकच. दोराच्या पोटात जुना, कुजका वाख, म्हणजे घायपाताचा धागा, घालायचा आणि वरून नव्या वाखाचे पीळ चढवायचे. दोर असा देखणा दिसे की गिऱ्हाईक हरखून जाई. यात काही वाईट आहे असं कुणाला वाटतच नसे. वाटणार कसं? पोरं रांगायला लागत तेव्हापासून हेच बघत.

त्या आळीत परगावाहून एक सून आली. सासूने तिच्यापुढे कुजक्या वाखाचा ढीग ठेवला.

"हा आत घाल."

"हा तर सडलाय, आत्याबाई."

"म्हणून तर आत घालायचा. दिसत नाही."

सुनेने ढीग बाजूला सारला आणि सबंध नव्या वाखाचा दोर वळला. झालं! आळीत बोभाटा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आळीला वाख पुरवणारा म्होरक्या चारचौघांना घेऊन दारात उभा राहिला.

"पोरी, सगळे घालतात, तूही घाल. तुझे दोर टिकले तर आमचे कोण घेईल? ऐकलं नाहीस, तर या घराला वाख बंद."

सासू घाबरली. वाख नाही तर चूल नाही. पण सून कसली ऐकते!

"घालते," ती म्हणाली. "पण मळ्यात विहीर खोदताहेत, आपले दोर तिकडेच जातात. तो सडक्या पोटाचा दोर कमरेला बांधून आधी तुम्ही विहिरीत उतरायचं."

म्होरक्या मागे सरला. "भलतंच काय!"

"मग तुमच्या मुलाला उतरवा. तोही नको? आणि लोकांची मुलं उतरवताना काही वाटत नाही?"

"वाख बंद म्हणजे बंद!" म्होरक्या ओरडला.

"करा बंद. बांधावरचं घायपात कुटून वाख काढीन, पण सडका आत घालणार नाही!"

तेव्हा सासू उठली. "मी चाळीस वर्षं घातला," ती म्हणाली, "आणि त्याला कोण लटकणार, हे एकदाही विचारलं नाही." तिने तो ढीग उचलला आणि सगळ्यांदेखत चुलीत कोंबला.

वाख खरंच बंद झाला. घायपात कुटून दोघींच्या हातांची सालटी निघाली. आळी हसली. पण ही गोष्ट विहीर खोदणाऱ्यांच्या कानी गेली. ते दारोदार फिरून विचारू लागले, "या दोराने तुम्ही स्वतः उतराल का?" ज्यांना हो म्हणता येईना, त्यांचे दोर दारातच पडून राहिले. वर्षभरात म्होरक्यालाही सडका वाख उकिरड्यावर टाकावा लागला.

तात्पर्य: सगळे करतात म्हणून खोट खपवू नये. वाईट रीत मोडायला अख्खी आळी लागत नाही, ठामपणे नाही म्हणणारं एक माणूस पुरतं.