पारव्याची म्होरकी

आटपाट नगर वगैरे काही नाही, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी गढी होती. गढीत एक सरदार होता, सरदाराच्या पागेत बारा घोडे होते आणि त्या घोड्यांना शिकवणारा हैबती नावाचा एक चाबुकस्वार होता. आपल्या कामात मोठा वाकबगार. अवखळातलं अवखळ शिंगरू त्याच्या हाताखाली आलं की वर्षभरात शहाणं होऊन बाहेर पडायचं. खोड म्हणाल तर एकच होती. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की हैबतीला त्या दिवशी जेवण जात नसे.

त्या गढीचा एक जुना रिवाज होता. दसऱ्याला सरदार सीमोल्लंघनाला निघाला की ज्याने घोडा शिकवला त्याच्याच हातून तो लगाम घ्यायचा आणि त्याच्या खांद्यावर जरीचा शेला घालायचा. सतरा वर्षं तो शेला हैबतीच्याच खांद्यावर पडत होता. सतराही शेले त्याने पेटीत जपून ठेवले होते आणि पाहुणा आला की पेटी हमखास उघडायची.

त्या वर्षी सरदाराने दसऱ्यासाठी पारवा नावाचा राखी घोडा निवडला. हैबतीनेच त्याला शिंगरू असल्यापासून वाढवलं, शिकवलं होतं. चाल अशी, की पाठीवर बसून दुधाचा पेला धरावा आणि थेंब सांडू नये. पण लोखंडी लगाम तोंडात गेला की पारवा मान झटकायला लागे. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, नुसती झटकाझटक. हैबतीने लगामाची तोंडात बसणारी कांब बदलून पाहिली. पातळ घातली, जाड घातली. शेवटी काटे असलेली घातली, तर घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि सरदार पडता पडता वाचला.

“दसऱ्याआधी याची मान थांबली पाहिजे,” सरदार म्हणाला. “नाहीतर हा घोडा माझ्या पागेत नको.”

दुसऱ्या दिवशी साळूबाई पागेत दावी द्यायला आली. ती गावातली दोर वळणारी. तिने पारव्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “हैबतीदादा, राग मानू नका. तुम्ही नुसत्या दाव्यानं त्याला पाण्यावर नेता, तेव्हा कसा गप चालतो. लोखंड घातलं की झटकतो. त्याच्या तोंडात काहीतरी दुखतंय बघा. मी म्होरकी वळून देते. नाकावरून बसेल, तोंडात काहीच जायचं नाही.”

“म्हणजे सरकारांनी बैल हाकल्यासारखं दोर धरून सीमोल्लंघन करायचं?” हैबती हसला. पण सरदार मागेच उभा होता. तो म्हणाला, “वळून आण, साळूबाई. बघू तर खरं.”

तिने अंबाडीची म्होरकी वळून आणली. नाकाला काचू नये म्हणून आतून मऊ लोकर लावली. पारव्याने ती घालून अंगणात तीन फेऱ्या मारल्या आणि एकदाही मान हलवली नाही. सरदार खूश झाला. “साळूबाई, तुझ्या हाताला तोड नाही! उद्या सगळ्या गावादेखत फिरवू आणि दसऱ्यालाही हीच म्होरकी घालू.”

झालं. हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तडक पागेत गेला आणि त्याने पारव्याचा जबडा उघडून पाहिला. कांब टेकते नेमक्या त्याच जागी एक बारीकसा जादा दात वर आला होता आणि शेजारची हिरडी सोलवटली होती. इतक्या दिवसांत त्याने एकदाही आत डोकावून पाहिलं नव्हतं. बाईचं खरं होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. जिला धड खोगीर चढवता येत नाही, ती मला शिकवणार? आता शेलाही तिच्याच खांद्यावर जाणार! असं कुणीही म्हटलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं.

सकाळी सगळे जमायच्या आत त्याने कुंपणाकडचे दोन गोखरू उचलले आणि ते काटे पागेत टांगलेल्या म्होरकीच्या लोकरीत खोल दडवून ठेवले.

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. सरदाराने पाठीवर बसून दोर ओढला मात्र, पारवा किंचाळला आणि त्याने मान अशी झटकली की सरदार थेट धुळीत. माणसं खदाखदा हसली. कुणीतरी म्हणालं, “साळूबाई, तुम्ही आपल्या बादलीचे दोर वळा!” साळूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. “काल तर बरा होता,” एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि पदराने तोंड पुसत निघून गेली.

गढी रंगवायला चुना घेऊन आलेला चुनेवाला दाराशीच उभा होता. सरदार धूळ झटकत त्याच्यावर ओरडला, “घेऊन जा हा घोडा! आत्ताच्या आत्ता, आहे तसा!”

चुनेवाल्याने दोर धरला. पारवा जाता जाता थांबला आणि त्याने मान वळवून हैबतीकडे पाहिलं. अजूनही एक शब्द पुरला असता. हैबतीच्या घशापर्यंत आलाही होता. पण साळूबाईचं पुन्हा कौतुक होईल या विचाराने त्याने तो गिळला, आणि हाताने वाढवलेला घोडा गोखरूसकट दाराबाहेर गेला.

दसरा आला. सरदार दुसऱ्या घोड्यावर बसला. हैबतीने लगाम दिला, अठरावा शेला खांद्यावर पडला आणि तो ताठ मानेने सरदाराच्या घोड्यापुढे चालू लागला. शिवेवर पोचतात तोच समोरून चुनेवाला आला. मागे चुन्याची पोती लादलेला पारवा. पोती जड होती, पण मान कशी अगदी स्थिर.

सरदाराने घोडा थांबवला. “अरे, कसला लगाम घातलास याला?”

“लगाम कुठला सरकार! गढीतून आली तीच म्होरकी हाय,” चुनेवाला म्हणाला. “घरी नेऊन काढली, तर नाकावर रगात. चाचपून बघितलं, तर लोकरीत दोन गोखरू. कुणी तरी हातानं खुपसलेले. ते काढले, तवापासून बिचारा गरीब गाईवानी चालतोय.”

पागेची किल्ली हैबतीकडेच असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरदाराने त्याच्याकडे पाहिलं. “का केलंस?”

“सरकार,” हैबती म्हणाला, “मला वाटलं, यंदाचा मान तिला जाईल.”

“अरे वेड्या, मान घोडा शिकवणाऱ्याचा असतो. म्होरकी कुणीही वळली असती, तरी पारव्याचा शेला तुझाच होता.”

सरदार खाली उतरला. त्याने पारव्याच्या बदल्यात आपला घोडा चुनेवाल्याला दिला, पारव्याची पोती उतरवली आणि त्याच्या उघड्या पाठीवर तो बसला. मग रिवाजाप्रमाणे दोरासाठी त्याने हैबतीपुढे हात केला. हैबतीचा हात काही वर उठला नाही. शेवटी दोर चुनेवाल्यानेच दिला. हैबतीने खांद्यावरचा शेला काढला, चुनेवाल्याच्या चुन्याने पांढऱ्या झालेल्या खांद्यावर घातला आणि खाली मान घालून तो गावाकडे वळला. त्याला आधी साळूबाईचं दार गाठायचं होतं.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याचं कौतुक झालं म्हणून आपल्या वाट्याचं काही कमी होत नाही. पण त्या जळफळाटात दुसऱ्याच्या कामात मोडता घातला, की नेमकं आपलंच हातचं जातं.