शिळं लुटेशियम

तुंगनगरात एक राजा राहायचा, पण ही गोष्ट त्याची नव्हे. ही गोष्ट आहे त्याच्या कोठाराची किल्ली ज्यांच्या कमरेला लटकायची, त्या अंताजीपंत कोठावळ्यांची.

राजा तुंगसेन हौशी माणूस. त्याच्याकडे हत्ती होते, घोडे होते, आणि नदीपल्याड एक छोटीशी अणुभट्टीही होती. शेजारच्या राजाकडे नव्हती, म्हणून याने बांधली. पण राज्यात काहीही येवो, शेंगदाणे येवोत, तलवारी येवोत की भट्टीतून निघालेली एखादी जिन्नस येवो, ते आधी कोठारात जायचं. अंताजीपंत ते तोलायचे, त्यावर लाखेचा शिक्का मारायचे, आणि मग ते ज्याचं त्याला मिळायचं. म्हणजे मिळालं तर मिळायचं.

कारण अंताजीपंतांचा एक नियम होता: शिळं आधी. जुना माल पुरता संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. ऐकायला नियम सोन्यासारखा. पण नवे शेंगदाणे आले की ते जुने संपायची वाट पाहत बसायचे, आणि जुने संपेपर्यंत नवेही खवट व्हायचे. तुंगनगरातल्या पोरांना वाटायचं, शेंगदाण्याची चवच तशी असते. राजालाही खवट लाडूच खावा लागायचा. तो डोळे मिटून गिळायचा आणि म्हणायचा, “काही असो, आमच्या कोठारात एक दाणा फुकट जात नाही!” भर दरबारात त्याने अंताजीपंतांना शालही पांघरली होती.

दुसरा गुण म्हणजे माणूस सचोटीचा. नात्यागोत्याला कोठारात थारा नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी मूठभर मिठासाठी रांगेत उभं केलं होतं. मेव्हण्याने पुढे त्यांच्या घरी जेवणं सोडलं, तेव्हा अंताजीपंत म्हणाले, “तेवढंच मीठ वाचलं.”

अशा या अंताजीपंतांना जगात एकच हळवी जागा होती. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. आई गेली तेव्हा ते रांगत होते. अक्काने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, आणि त्यांच्यापायी स्वतःचा संसारही मांडला नाही. ‘शिळं आधी’ हा धडा आपण अक्काच्या चुलीपाशी बसून गिरवला, असं ते चारचौघांत अभिमानाने सांगायचे.

त्या अक्काच्या पोटात गाठ निघाली.

राजवैद्य द्वारकाबाई मोठ्या हुशार आणि तोंडाने फटकळ. त्या अक्काला तपासून थेट कोठारात आल्या.

“अंताजीपंत, यावर औषध आहे. लुटेशियम. भट्टीवाल्यांना सांगितलंय. तुमच्याकडे आलं की लगेच पाठवा.”

“लगेच म्हणजे रीतीप्रमाणे,” अंताजीपंत म्हणाले.

“लगेच म्हणजे लगेच!” द्वारकाबाईंनी पदर खोचला. “नीट ऐका. खाणीतून येतं ते लुटेशियम गरीब स्वभावाचं. वर्षानुवर्षं ठेवा, हूं की चूं करणार नाही. भट्टीत घातलं की त्यातल्या काही कणांच्या पोटात एकेक न्यूट्रॉन जास्तीचा शिरतो. मग नाव तेच, रूप तेच, वजन किंचित जास्त, पण स्वभाव तापट! किरणं फेकत सुटतं. त्या किरणांनीच गाठ जळते.”

“उत्तम माल दिसतोय.”

“पण एकदा किरण फेकला की तो कण लुटेशियम राहत नाही. हाफ्नियम होऊन गप्प बसतो. साधारण आठवड्यात निम्मे कण असे गप्प होतात. पुढच्या आठवड्यात उरलेल्यांतले निम्मे. कळलं?”

अंताजीपंतांनी मान डोलावली. त्यांना एवढंच कळलं होतं की माल नाजूक आहे. आणि नाजूक माल राखायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

भट्टीतून शिशाच्या जाड डबीत घातलेली कुपी आली. अंताजीपंतांनी ती फळीवर ठेवली, आणि शेजारी पाहतात तो तसलीच दुसरी डबी. महिन्यापूर्वी एका सरदारासाठी आली होती. ‘किरणं’ हा शब्द ऐकताच तो सरदार दवाखान्याच्या खिडकीतून पळाला होता, आणि औषध तसंच राहिलं होतं.

खरं सांगायचं तर अंताजीपंतांचा हात आधी नव्या डबीकडेच गेला. अक्काचा सुकलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला होता. पण लगेच दुसरे चेहरेही आले: मेव्हण्याचा, दरबाऱ्यांचा, सगळ्या नगराचा. बहीण आजारी पडली तर कोठावळ्याने नियम मोडला म्हणतील! त्यांनी हात मागे घेतला, जुनी डबी उचलली आणि दवाखान्यात धाडून दिली. वर छाती फुगवून घेतली ती वेगळीच.

तासाभरात द्वारकाबाई ती डबी घेऊन परत आल्या. दुसऱ्या हातात त्यांचं किरणं मोजायचं यंत्र होतं. त्यांनी ते डबीवर धरलं. यंत्र म्हणालं, टक. मग बराच वेळ काहीच म्हणालं नाही. मग पुन्हा, टक.

“ही काय चेष्टा आहे? यात सोळावा हिस्साही दम उरलेला नाही!”

अंताजीपंतांनी शांतपणे कुपी तराजूत घातली. “वजन पाहा. आली तेव्हा होतं तेवढंच. गुंजभरसुद्धा घट नाही. वजनात घट नाही तर मालात घट कशी?”

“अहो, माल आहे, पण तो आता लुटेशियम नाही!”

“शिक्का शाबूत होता. शिक्क्याच्या आत कोण बदलतो?”

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. “बरं बाबा, ही जुनी झाली. संपली. आता नवी द्या.”

“संपली?” अंताजीपंतांचे डोळे चमकले. “तुम्हीच म्हणालात ना, आठवड्याला निम्मं जातं? म्हणजे निम्मं उरतं. मग त्यातलं निम्मं उरतं. मग त्यातलंही. म्हणजे ही कधीच संपत नाही! आणि जुनी संपल्याशिवाय नवी उघडायची नाही, हा कोठाराचा नियम.”

द्वारकाबाई राजाकडे गेल्या. राजा लाडू खात होता. त्याने तो कसाबसा गिळला, पाणी प्याला आणि म्हणाला, “वैद्यबाई, नियम म्हणजे नियम. मी स्वतः खवट खातो, ते उगाच नाही.”

इकडे अंताजीपंतांनी नव्या कुपीची काळजी घ्यायला सुरुवात केली. अक्काच्या नावाची वस्तू होती, तिला धक्का लागता कामा नये! त्यांनी ती डबी तळघरात गार जागी ठेवली. भोवती खडे मीठ रचलं. वरून लोणच्यावर घालतात तसं तेल ओतलं. दृष्ट नको म्हणून लिंबू-मिरची बांधली, आणि दारात राणोजी शिपायाला भाला देऊन उभं केलं.

आठवड्याने द्वारकाबाई यंत्र घेऊन आल्या. तेल पुसून त्यांनी यंत्र धरलं आणि नुसतं अंताजीपंतांकडे पाहिलं.

“निम्मं गेलं.”

अंताजीपंत राणोजीवर उखडले. “कोण आलं होतं रे आत?”

“कुणी नाय जी. माशीबी नाय.”

“मग निम्मं लुटेशियम गेलं कुठे?”

“म्या तर उभ्या जन्मात त्याचं थोबाड बघितलं न्हाई,” राणोजी म्हणाला. “भाकरीवर घालत्यात का कशावर, त्येबी ठावं न्हाई.”

त्या दुपारी अंताजीपंत घरी जेवायला आले. अक्का भिंतीला टेकून बसली होती. आठवड्यात ती आणखी वाळली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. तरी अंताजीपंत बोलले ते भलतंच.

“अक्का, तुला सांगतो, लोकांना बोलायला जागा ठेवली नाही मी. तुझ्यासाठीसुद्धा जुनंच आधी काढलं. तुझाच नियम!”

“माझा नियम? कुठला रे?”

“शिळं आधी! विसरलीस? तू रोज डब्यातून आधी कालची भाकरी काढायचीस. मी समोर बसून पाहायचो.”

अक्का हसली. हसताना तिला कळ आली, तरी ती हसतच राहिली. “अंतू, अरे वेड्या, काढायचे खरी. पण वाढायचे कुणाला? शिळी माझ्या पानात, आणि ताजी तुझ्या. तू वाढत्या अंगाचा होतास ना! तू डबा बघितलास बाबा. पानं नाही बघितलीस.”

अंताजीपंत घास हातात धरून बसून राहिले. त्यांना लाज वाटली, आणि इतकी वाटली की समोरचं पान दिसेना. नियम पाळत होतो म्हणून जी सचोटी मिरवली, ती लोकांच्या तोंडाला भिऊन होती, हे त्यांना तेव्हा कळलं. घास ताटात टाकून ते तसेच उठले.

“अरे, ताक तरी पी!” अक्का मागून ओरडली. पण ते केव्हाच दाराबाहेर पडले होते.

कोठारात जाऊन त्यांनी नव्या कुपीचा शिक्का स्वतःच्या हाताने फोडला. जुनी पडून असताना नवी उघडायची, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. द्वारकाबाईंनी उरलेलं औषध गाठीचा माग काढणाऱ्या दुसऱ्या औषधाला जोडलं आणि अक्काच्या शिरेतून सोडलं.

“हे निम्मंच आहे,” त्या म्हणाल्या. “गाठ थोपून राहील, पण हटायची नाही. पुरतं औषध पुन्हा करून घ्यावं लागेल. तोवर तिने टिकलं पाहिजे.”

“आणि ही जुनी कुपी?” अंताजीपंतांनी चाचरत विचारलं. “फेकायची?”

“फेकता कसली? किरणं पुरती निवेपर्यंत शिशाच्या खड्ड्यात ठेवायची.”

“ठेवायची ना? मग हरकत नाही,” अंताजीपंत म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सवय काही एका दुपारीत जात नाही.

नवं औषध तयार होईपर्यंतचे दिवस अंताजीपंतांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. कधी नव्हे ते कोठाराकडे लक्ष लागेना. अक्काला आता दवाखान्यातच ठेवलं होतं; तिला ताक उतरेना, पेज उतरेना. ते तिच्या उशाशी बसायचे आणि मनातल्या मनात भट्टीवाल्यांची विनवणी करायचे.

निरोप आला त्या दिवशी ते माणूस न धाडता स्वतः नदीपल्याड गेले. भट्टीवाल्यांनी डबी हातात दिली. शिशाचा ऐवज तो. म्हाताऱ्या अंताजीपंतांचे खांदे खाली आले. रीतीप्रमाणे डबी आधी कोठारात न्यायची, तोलायची, लाख वितळवायची, शिक्का मारायचा, शिक्का वाळू द्यायचा. अंताजीपंत कोठाराच्या दारापर्यंत आले, क्षणभर थांबले, आणि धोतराचा काचा मारून सरळ पुढे पळत सुटले.

दारातल्या राणोजीने ते पाहिलं आणि त्याचा आ वासला. बिनशिक्क्याचा माल कोठार टाळून चालला होता, आणि नेणारे खुद्द कोठावळे! “धरा! धरा!” म्हणत तो भाला घेऊन मागे धावला. पेठेतून बोंब उठली, “कोठावळे माल घेऊन पळाले!” वाणी दुकान उघडं टाकून निघाला, न्हावी अर्धी दाढी सोडून निघाला, आणि ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही निघालं. मेव्हणे तर सगळ्यांच्या पुढे होते. या दिवसाची वाट त्यांनी किती वर्षं पाहिली होती! गलका ऐकून राजाही वाड्यातून बाहेर आला आणि काय चाललंय ते न कळताच धावू लागला.

अंताजीपंत धापा टाकत दवाखान्यात शिरले आणि डबी द्वारकाबाईंच्या पुढ्यात ठेवून खालीच बसले. द्वारकाबाईंनी यंत्र धरलं. तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसं ते तडतडू लागलं. त्या डबी घेऊन तडक अक्काच्या खोलीत गेल्या.

दारात सगळं नगर गोळा झालं. राणोजीने भाला आपटला. “पंत, माफी असावी. पर मालावर शिक्का कुठंय?”

अंताजीपंतांना दम लागला होता. डोळे भरून आले होते. ते कसेबसे म्हणाले, “शिक्का उद्या मारू रे राणोजी. माणूस आज आहे.”

मेव्हण्यांनी पुढे होऊन त्यांना उठवलं आणि पाणी दिलं.

अक्काची गाठ त्या एका खेपेने गेली नाही. अशा आणखी खेपा लागल्या, आणि प्रत्येक वेळी कुपी भट्टीतून निघाली ती थेट दवाखान्यात पोचली. पावसाळा सरता सरता अक्का उठून हिंडू लागली आणि पहिल्याच दिवशी शेजारणीशी भांडली, तेव्हा द्वारकाबाईंनी ती बरी झाल्याचं जाहीर केलं. अंताजीपंतांनी मात्र दरबारात जाऊन ती जुनी शाल राजापुढे ठेवली. म्हणाले, “महाराज, माझ्या कोठारात काही फुकट गेलं नाही, ही थाप होती. माझ्या राखणीत निम्मं औषध गेलं, आणि बहीणही जाता जाता राहिली.”

राजाने शाल परत त्यांच्या खांद्यावर टाकली. “आता कोठार तुम्हीच सांभाळा,” तो म्हणाला. “एकदा ठेच लागलेला माणूस मला पुन्हा कुठे मिळणार?”

तात्पर्य: ठेवून जे टिकत नाही, ते गरजूच्या हाती वेळेवर द्यावं, कुलपात राखलं म्हणजे वाचलं असं नव्हे.