ओहोटीची नक्षी

त्या दिवशी वारा पडला होता, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि ओहोटीची वाळू उन्हात नुसती चकाकत होती. गोष्ट फार जुनी, कोकणच्या किनाऱ्यावर माणसं यायच्याही आधीची.

तिथे गोटू नावाचा वाटाण्याएवढा खेकडा राहायचा. वाळूतलं खाणं वेचून झालं की उरल्या वाळूच्या तो बारीक गोळ्या करायचा आणि बिळाभोवती मांडायचा. कधी फूल, कधी वेल, कधी नुसतीच वळणं. भरती आली की सगळं पुसून जायचं, आणि पुढच्या ओहोटीला गोटू पुन्हा मांडायला बसायचा.

त्या दिवशी पोट भरलेला एक बगळा त्याच्याशी बोलायला थांबला. म्हणाला, "गोटूशेठ, एवढे राबता, पण शिल्लक काय राहतं हो? खावं आणि गप पडावं!"

गोटूला ते लागलं. खरंच, आजवरचं एक फूल उरलं नव्हतं. त्याने गोळ्या कशाही भिरकावल्या आणि यापुढे मांडायचं नाही असं ठरवून बिळाच्या तोंडाशी बसून राहिला.

शेजारच्या खडकाला कालवआजी जन्मापासून चिकटलेली होती. भरती जवळ आली तशी तिने शिंपली किलकिली करून विचारलं, "बाळा, बरं नाही का?"

"बरा आहे गं आजी. पण पुसून जायचं त्यात अर्थ काय?"

"अर्थबिर्थ मला नाही रे कळत," आजी म्हणाली. "मला जागचं हलता येत नाही. रोज तुझ्या त्या वळणांवरून मी नजरेनं हिंडून येते. आज मात्र दिवसभर घरातच बसून होते बघ."