खुणेची हाक

फार जुनी गोष्ट आहे; तुमच्या पणजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच असणार.

डोंगराखाली एक गाव होतं. पावसाळ्यात गावची भाकड नि गाभण जनावरं वरच्या पठारावर चरायला जात. तिथला म्हातारा राखणदार वीस गावांची जनावरं सांभाळी. मालकांचे चेहरे कुठले त्याच्या लक्षात राहायला! म्हणून जनावर सोडताना मालक राखणदाराच्या कानात आपलं नि बापाचं नाव आणि एक खुणेची हाक सांगून जाई. परत नेताना तीच हाक द्यायची. हाक जुळली की जनावर तुमचं.

गावातल्या येसबाची एकुलती एक म्हैस त्या साली गाभण होती. घरात तीन वर्षांची आईवेगळी नात. म्हैस व्याली की पोरीच्या पोटात घरचं दूध जाईल, एवढीच येसबाची आस होती.

पण येसबाची जीभ भारी सैल. पारावर त्याला एक परगावचा पाहुणा भेटला.

"काका, तुमची म्हैस म्हणे तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही?"

झालं! येसबा फुलला. "अहो, 'आलीस का गं काळूबाई, ये ये ये' म्हटलं की दोन शेतं ओलांडून येते! राखणदाराला हीच हाक सांगून आलोय."

"काय सांगता! परत म्हणा बघू."

येसबानं परत म्हटलं. चांगलं तीनदा. शिवाय बापाचं नाव, घराची खूण, म्हशीच्या कपाळावरचा चांद, सगळं न विचारता सांगून टाकलं. पाहुण्यानं पान खाल्लं, रामराम केला नि गेला.

पाऊस ओसरला. येसबा पठारावर गेला आणि त्यानं हाक दिली. राखणदार काठी उगारून उठला.

"कोण रे तू? या हाकेच्या म्हशीचा मालक चार दिवसांमागं तिला घेऊन गेला."

"अहो, मालक मी! मी येसबा!"

"तोही येसबाच होता. हाक बरोबर, बापाचं नाव बरोबर, कपाळावरचा चांदही सांगितला. तू आणखी काय सांगतोस?"

येसबानं पुष्कळ आठवून पाहिलं. पाहुण्याला सांगितलं नव्हतं असं काहीच उरलं नव्हतं. राखणदारानं त्याला चोर म्हणून पठारावरून हाकललं.

घरी नात दारातच उभी होती. "आजोबा, काळूबाई कुठंय?"

येसबा उंबऱ्यावर बसला आणि ढसाढसा रडला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्या खुणेनं जग आपल्याला ओळखतं, ती गोड बोलणाऱ्याच्या हाती दिली तर आपल्याच दारात आपण परके ठरतो.