हातावरची माती

फार वर्षांपूर्वी, आमच्या घरामागच्या तालमीवर अजून गवताचं छप्पर होतं, तेव्हा तिथे तुळोजी वस्ताद राहायचे. म्हातारे, सडपातळ, बोलणं मोजकं. भिंतीला भिंत लागून, म्हणून त्यांची गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भिंतीला कान लावायला आमच्याकडे कुणी कधी लाजलं नाही.

तेव्हा आमच्या मांजरवाडीत आणि नदीपलीकडच्या कोंडगावात एक रीत होती. जत्रेत ज्यांचा पैलवान जिंकेल, त्यांच्या गुरांनी वर्षभर डोंगरावरचं गायरान चरायचं. आमचा पैलवान सिदोजी. तो दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा, असं म्हणतात. पण दर जत्रेत हरायचा. इकडे गुरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. आणि गावानं काय करावं? त्याला चेव यावा म्हणून दर साली हलग्या वाढवल्या, ओरडणारे वाढवले.

शेवटी सिदोजी वस्तादांपुढे येऊन बसला. म्हणाला, "वस्ताद, समोर गडी एकच असतो, पण माझ्याशी अख्खी जत्रा झोंबते. कोण हसलं, कोण काय बोललं, सगळं डोक्यात वाजतं. औंदा हरलो तर लंगोट खुंटीला टांगतो."

वस्तादांनी आखाड्यातली मूठभर तांबडी माती त्याच्या तळहातावर ठेवली. "बस असाच. श्वास येतोय, जातोय, तेवढं बघ. मन जत्रेत पळंल. वासरू हाय ते, मारू नको. 'आलंस का? बस,' म्हण, आन्‌ पुन्हा दाव्याला आण."

मग रोज पहाटे जोर-बैठकांच्या आधी हेच. पाण्याला जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "ह्याचं दूध बंद करा गं, हा आता हवेवरच जगतोय."

जत्रा आली. सिदोजी आखाड्यात उतरला आणि तळहातावर माती घेऊन मधोमध मांडी घालून बसला. कोंडगावकर खो खो हसले. "अरं, जेवायला वाढा त्याला!" आमच्या लोकांनी लाजून हलग्या आणखी जोरात बडवल्या. सिदोजीचे ओठ तेवढे हलले, "आलंस का? बस."

असं म्हणतात, त्याच्या श्वासाबरोबर हातावरची माती वर-खाली होऊ लागली. मग आखाड्याची सगळी माती, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखी. हलगीवाल्यांचे हात आपोआप थांबले. बैलांच्या घुंगरांनीसुद्धा आवाज केला नाही. त्या शांततेत सिदोजी उठला, गड्याला भिडला, आणि लोकांना दिसलं ते एवढंच, की कोंडगावचा पैलवान आभाळाकडे बघत पडलाय.

वस्तादांना खांद्यावर घ्यायला लोक धावले, तर आखाड्याच्या कडेला ते बसले होते, त्या जागेवर नव्हते. मातीत मांडीचा ठसा होता आणि तो ऊन होता. पुन्हा ते कुणाला दिसले नाहीत. मातीतच मिसळले, असं म्हणतात.

गुरं त्या वर्षी गायरानावर गेली आणि गावात पुन्हा दूधदुभतं आलं. ते उपकार आम्ही विसरलो नाही. आजही तालमीतली पोरं आधी हातावर माती घेऊन बसतात. खो-खोच्या पोरीही बसतात; माझी धाकटी तर पळताना पुटपुटते, मी ऐकलंय. आणि जत्रेत कुस्तीच्या आधी हलगी थांबते. पाहुण्यांना वाटतं, वाजवणारा दमला. तेवढ्यात सगळा गाव मिळून एक श्वास घेतो, तुळोजी वस्तादांच्या नावानं.